टायरमधला शिंपला

मागचं उजवं

शिंपला होता. नखाएवढा, राखाडी, कडेला चिरलेला. थेन ऑलरटनने तो स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं टायरच्या खाचेतून उकरून काढला, तळहातावर घेतला आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेला.

समुद्र इथून दोन राज्यं पलीकडे.

दर शुक्रवारी सकाळी तो पिकअपच्या टायरांतले खडे काढायचा. अडकलेला खडा रोज कणाकणानं आत सरकतो आणि ऐन वेळी, मदत मिळणार नाही अशा जागी टायर फाडतो, असं त्याचं म्हणणं. त्यात ही विजेवर चालणारी पिकअप. पोटात बॅटरी घेऊन फिरते, हत्तीसारखी जड. तिचे टायर साध्या गाडीच्या आधी झिजतात. म्हणून तो चाकांच्या जागा बदलायचा, आणि बदलताना स्टेपनीलाही धरायचा. पाचही चाकं सारखी झिजली पाहिजेत. स्टेपनी नुसती टांगून ठेवली की तिचं रबर बसल्याबसल्या कडक होतं, हे तो कुणी न विचारताही सांगायचा.

वसंतात चर्चच्या जेवणावळीत तो वाढपाच्या टेबलाशीच कोसळला. चीज घातलेल्या बटाट्यांचं अख्खं भांडं अंगावर. शुद्धीवर आला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही. शेजारचा रूलॉन भेटायला आला, तो दारातूनच म्हणाला, “म्हणजे ब्रदर ऑलरटन, आता तुम्ही स्टेपनी!” ‘ब्रदर’ हे चर्चमधलं बिरुद रूलॉन एरवी कधी वापरत नसे. टोमणा मारायचा असला की मात्र हटकून.

तेव्हापासून गाडी आर्डिथ चालवते. त्याची बायको. दुकान, दवाखाना, आणि दर गुरुवारी चर्चमध्ये बायकांबरोबर गोधड्या शिवायला. सगळा डांबरी रस्ता. चर्च तर तीन गल्ल्या पलीकडे.

थेनने जन्मभर काउंटीचा ग्रेडर, रस्ते सपाट करायचं यंत्र, चालवला होता. या भागातल्या एकूणएक कच्च्या रस्त्याची पाठ त्यानं खरवडली होती. लाल खडा असला तर टॉरी गावाकडचा. काळा असला तर बोल्डर माउंटनवरचा. आणि शिंपला? शिंपले एकाच ठिकाणी. केनव्हिलच्या पुढे, राखाडी टेकड्यांत, जिथं कधी काळी समुद्र होता आणि आता गवतही उगवत नाही. नॅशनल पार्क ओलांडून जावं लागतं. तिकडे गोधड्या कोणी शिवत नाही.

शिंपला त्यानं जीन्सच्या लहान खिशात टाकला आणि घरात गेला. आर्डिथ ओट्याशी सफरचंदं चिरत होती.

“काल कितपत झाली गोधडी?”

“होतेय.”

“कोण कोण होतं?”

“नेहमीच्याच.”

सुरी थांबली नाही. थांबली असती तर बरं झालं असतं. ज्याच्या पोटात काही नसतं तो माणूस थांबतो आणि विचारतो, तू कधीपासून गोधड्यांची चौकशी करायला लागलास?


पुढचं डावं

खडूची रेघ.

बुधवारी संध्याकाळी, आर्डिथ फोनवर बहिणीशी बोलत असताना, त्यानं पुढच्या डाव्या टायरवर दोन रेघा ओढल्या. एक जमिनीला टेकतो त्या भागावर, आडवी. ती चर्चपर्यंत जाऊन आल्यावर पुसट होईल, पण राहील. लांब गेली तर तिचा कणही उरणार नाही. दुसरी रेघ टायरच्या बाजूला, कडेपासून बोटभर वर. हवा पुरी असेल तर तो भाग जमिनीला लागतच नाही. ती रेघ पुसली जाण्याचं एकच कारण: कोणीतरी हवा कमी केली. रेताडात, खडकांत शिरताना करतात तशी. हवा कमी केली की टायर बसतो, पसरतो, जमीन धरतो.

आर्डिथनं आयुष्यात कधी टायरच्या व्हॉल्व्हला हात लावलेला नव्हता. म्हणजे हे ‘कोणीतरी’ दुसरं.

शुक्रवारी सकाळी दोन्ही रेघा गेलेल्या.

मग त्यानं मीटर लावला. बुधवारी चारही टायरांत मिळून दोन-तीन पौंडांचा फरक होता, तसा तो असतोच. आज चारही अठ्ठेचाळीस. काटेकोर. इतकी सारखी हवा एकच गोष्ट भरते, गाडीच्या हौद्यात बसवलेला पंप. आकडा लावून दिला की तिथं आपोआप थांबतो.

हवा काढली होती. परत भरली होती. हे काम माहीत असलेला माणूस होता.

आणि माहीत असलेला माणूस शेजारीच राहत होता.

रूलॉनची बायको जाऊन बराच काळ झालेला. रूलॉनला या भागातली प्रत्येक वाट ठाऊक. आणि शाळेच्या शेवटच्या वर्षी नाचाला आर्डिथला घेऊन गेला होता तो रूलॉनच. थेन त्या रात्री घरी गायीला इंजेक्शन देत बसला होता. ही गोष्ट तिघंही हसत सांगत. थेन सर्वांत मोठ्यानं हसे.

तो ड्रायव्हरच्या दाराशी गेला. खिशातल्या फोननं दार आपोआप उघडलं, आणि सीट गुणगुणत मागे सरकली, त्याच्या लांब पायांना जागा करून द्यायला. आरसे वळले. डॉक्टरांनी सांगितलेलं गाडीला कोणी कळवलं नव्हतं.

दोघं बरोबर निघाले की हाच घोळ. आर्डिथ स्टिअरिंगशी बसलेली असायची, थेन गाडीजवळ यायचा, आणि गाडी त्याचा फोन ओळखून सीट मागे न्यायची. आर्डिथचे पाय लहान मुलीसारखे लोंबकळायचे. “सांग तुझ्या गाडीला,” ती म्हणायची, “बाई बसलीये म्हणावं!” उन्हाळ्याच्या सुरुवातीला हसून म्हणायची. मग न हसता. मग दोघांचं बरोबर जाणंच कमी झालं.

सप्टेंबरात दोघं वायोमिंगला जाणार होते. वाटेतली चार्जिंगची ठिकाणं, तळ्याकाठी तंबूची जागा, सगळं ठरलेलं. थेननंच रद्द केलं. “मी चालवणार नसेन तर जायचं कशाला?” असं म्हणाला होता. आर्डिथ तेव्हा काहीच बोलली नव्हती.

आता त्याला ते ‘काहीच’ आठवलं आणि मनात पाल चुकचुकली. वायोमिंगला ती जाणार होतीच की काय? त्याच्याशिवाय?


पुढचं उजवं

डिझेलची गाडी निघाली की कुठल्या वळणाला गेली ते घरात बसून कळतं. ही मेली निघते ती मांजरासारखी. गुरुवारी दुपारी आर्डिथ शिवणाची पिशवी घेऊन बाहेर पडली आणि थेनला फक्त वाळूवर टायर कुरकुरल्याचं ऐकू आलं. मग तेही नाही.

फोनवरच्या नकाशावर गाडीचा ठिपका दिसतो. ठिपका चर्चवरून पुढे गेला. थांबला नाही. टॉरी. पार्कच्या लाल भिंती. आणि मग ठिपका जागच्या जागी गोठला. तिकडे फोनला रेंज नसते.

थेन खुर्चीत मागे रेलला. त्याला घाई नव्हती. कारण हवा भरायची नळी त्याच्याकडे होती.

सकाळीच काढून घेतली होती. हौद्याच्या कडेचा कप्पा उघडून, पिवळी, वेटोळं केलेली. पंप आहे, नळी नाही. जाऊ दे तिला केनव्हिलला. काढू दे त्याला टायरांतली हवा, जो कोणी असेल त्याला. परत डांबरी रस्त्याला लागताना भरणार कशानं? मग ती फोन करील. फोन केला की कुठून ते सांगावं लागेल. कुठून ते सांगितलं की कोणाबरोबर, तेही.

बेत पक्का होता. जन्मभर मशिनं चालवलेल्या माणसाचा बेत, एक दाता दुसऱ्यात बसवलेला.

सूर्य पश्चिमेच्या डोंगराकडे कलला तेव्हा त्यातला एक दाता निसटला.

तिकडे फोनला रेंज नसते.

तिला फोन करताच येणार नव्हता. जी जागा त्याला तळहातासारखी पाठ होती, तिथली सर्वांत साधी गोष्ट तो विसरला होता. कशापायी? त्याला माहीत होतं कशापायी.

बसलेल्या टायरांवर ही धिप्पाड गाडी डांबरावरून वेगानं पळवली तर टायरच्या बाजू दुमडत राहतात. तापतात. आतून कुजल्यासारख्या होतात आणि एका क्षणी फाटतात. पार्कमधला रस्ता वळणावळणांचा. एका बाजूला भिंत, एका बाजूला फ्रिमाँट नदी. आर्डिथला हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. तिला कोण सांगणार होतं?

ठिपका हलत नव्हता.

घरात दुसरी गाडी नव्हती. असती तरी त्याला चालवायची नव्हती. त्यानं नळी जॅकेटच्या आत कोंबली, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि रूलॉनच्या अंगणाकडे निघाला. मनाशी म्हणत होता, रूलॉन घरी नसेल. नसेल. नसला म्हणजे सगळंच कळलं.

रूलॉन ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता.


मागचं डावं

“तू घरी?”

“नाही, हवाईला. तू काय रे, एवढ्या उकाड्यात जॅकेट घालून?”

“मला केनव्हिलला ने.”

“आत्ता?”

“आत्ता.”

रूलॉननं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढे विचारलं नाही. डिझेल पिकअप खोकत सुरू झाली. टॉरी मागे पडेपर्यंत दोघं गप्प. गप्प राहणं रूलॉनला फार वेळ जमत नाही.

“आर्डिथ?”

“गाडी घेऊन गेलीये. आली नाही.”

“चार्जिंग संपलं असेल. मी म्हटलं होतं, टॉर्च घेतोयस तू, गाडी नव्हे.”

“चार्जिंग भरपूर आहे.”

“मग टायर? तुझ्या टायरांना काय होणारे, त्यांना तू बायकोपेक्षा जास्त जपतोस!”

थेननं जॅकेट आणखी आवळून धरलं.

“ते जॅकेट काढ बाबा. तुला बघून मला घाम येतोय.”

“थंडी वाजतेय.”

“परत चक्कर येतेय का? खरं सांग. तू माझ्या गाडीत पडलास तर आर्डिथ मला जिवंत सोडायची नाही.”

“तुला फार पडलीये आर्डिथची.”

रूलॉननं रस्त्यावरची नजर काढून त्याच्याकडे पाहिलं. परत रस्त्याकडे. पुढचं वळण घेऊन झाल्यावर म्हणाला, “मला कोणाची पडली असायला हवी मग, तुझी?”

“ती केनव्हिलला येते ते तुला ठाऊक होतं?”

“ती कुठं जाते ते मला ठाऊक असायला मी काय तिचा नवरा आहे?”

थेन मनाशी हिशेब मांडत होता. रूलॉन ट्रॅक्टरखाली होता. हात ग्रीसनं माखलेले, कपाळावर ऑइल. आज तरी तो नव्हता. मग कोण? मनात एकेक चेहरा येऊन उभा राहू लागला. पार्कमधला तो दाढीवाला रेंजर. टॉरीत गाड्या भाड्यानं देणारा कॅलिफोर्नियाचा पोरगा. आर्डिथच्या बहिणीचा विधुर दीर. सगळ्यांना टायरांतली हवा काढता येत होती.

नदीकाठच्या लांब वळणावर गाड्यांची रांग दिसली. समोरून येणारी. एकामागे एक पर्यटकांच्या गाड्या, एक भलीमोठी घरागत गाडी, सगळ्या गोगलगायीसारख्या सरकत, मधूनच हॉर्न. आणि सर्वांत पुढे, रस्त्याच्या कडेला चिकटून, चारही दिवे लुकलुकवत, माणूस चालेल त्या वेगानं, त्यांची पिकअप.

“अरे देवा,” रूलॉन म्हणाला. “मिरवणूक!”

टायर बसलेले होते. चारही सारखे. फाटलेला एकही नव्हता.

थेननं आधी शेजारची सीट पाहिली. टायर नव्हे, आर्डिथ नव्हे, शेजारची सीट. तिच्यावर शिवणाची पिशवी होती. मागच्या सीटवर त्यानं मान लांब करून पाहिलं. तिथंही कोणी नव्हतं.


स्टेपनी

आर्डिथनं गाडी रस्त्यालगतच्या मोकळ्या जागेत घेतली. मागची रांग हॉर्न वाजवत निघून गेली. ती उतरली. बुटांवर राखाडी धूळ, केसांतही.

“तुम्ही दोघं?”

“तुझा नवरा घाबरला,” रूलॉन म्हणाला.

“घाबरला?” तिनं थेनकडे पाहिलं. “कशाला?”

“टायर,” थेन म्हणाला. “बसलेल्या टायरांवर जोरात गेलीस तर...”

“फाटतात. माहितीये. म्हणून तर रांगत आले. मागचे लोक शिव्या देत होते. एकीनं तर खिडकीतून हात काढून काय काय दाखवलं मला, या वयात!”

“तुला कोणी सांगितलं?”

“काय?”

“हवा किती काढायची. किती भरायची.”

आर्डिथ त्याच्याकडे बघत राहिली. “लग्न झाल्यापासून मी शेजारच्या सीटवर बसतेय, थेन. डोळे उघडे ठेवून. तुला काय वाटलं?”

काय वाटलं ते त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज उरली नाही. त्याचे डोळे अजून तिच्या गाडीच्या मागच्या खिडकीकडे होते. आर्डिथनं त्या नजरेचा माग काढला. खिडकी, शेजारची सीट, मग रूलॉन. तिच्या तोंडाचा रंग पालटला.

“अस्सं,” ती म्हणाली.

“काय अस्सं?” रूलॉन.

“याला वाटलं माझ्याबरोबर तू आहेस.”

रूलॉन आधी हसला. मग कोणी हसत नाही हे पाहून थांबला. “मी? अरे, गुडघे मोडलेत माझे. गाडीतून उतरायला मला शिडी लागते. आणि या... या टॉर्चमध्ये बसून?” पण आवाजात दुखावलेपण होतं, ते झाकलं गेलं नाही. तो आपल्या गाडीच्या मागे गेला. “थांबा, माझ्याकडे पंप आहे. नळी जरा गळते, पण होईल काम.”

हाच क्षण होता. रूलॉनची नळी चालणार होती. हवा भरून होईल, सगळे घरी जातील. आपली पिवळी नळी रात्री गुपचूप कप्प्यात परत ठेवता येईल. नळी? होती की तिथंच, तुला दिसली नसेल. जॅकेटची चेन फक्त घरी पोचेपर्यंत वर राहायला हवी.

“आमचीही नळी असायची कप्प्यात,” आर्डिथ रूलॉनला म्हणाली. “गेल्या गुरुवारी मीच वेटोळं करून ठेवलेली. आज नाही. मला वाटलं, कोणी चोरली. तिकडे टेकडीवर तासभर शोधत होते. वाटलं, माझंच डोकं चालेनासं झालं. याचं झालं तसं.”

थेननं चेन खाली ओढली.

नळी बाहेर आली ती गुंतूनच. एक टोक शर्टाच्या बटणाला अडकलं. ते सोडवायला त्याला वेळ लागला. रूलॉन हातातली आपली नळी घेऊन वळला आणि नदीकडे बघायला गेला. नदीत बघण्यासारखं काही नव्हतं.

आर्डिथनं नळी घेतली. पंपाला जोडली. पुढच्या डाव्या चाकाशी उकिडवी बसली, व्हॉल्व्हचं टोपण काढून दातांत धरलं, अगदी थेन धरतो तसं, आणि नळीचं तोंड तिथं लावलं. पंप घरघरू लागला.

“गोधडी आहेच,” ती दातांतलं टोपण काढून म्हणाली. “पिशवीत आहे. मी तिकडे बसून शिवते. ज्या टेकडीवर गाडी न्यायला परवानगी आहे तिथं नेते, वरपर्यंत. टायरांतली हवा कमी करून. मग सँडविच खाते, शिवते आणि येते.”

“एकटीच?”

“परत तेच?”

तिनं टोपण पिळून बसवलं.

“एकटीच. तुला न्यायचं मनात आलं होतं, खोटं नाही सांगत. पण थेन, तुझ्या बाजूच्या पायाखालच्या मॅटला भोक पडलंय. बघितलंस? तुझा उजवा पाय. ब्रेक शोधतोस तिथं. प्रत्येक वळणाला. मी गाडी चालवत असते आणि तुझ्या पायाकडे माझं लक्ष. तिकडे कोणी पाय आपटत नाही.”

दुसरं चाक. तिसरं. पंप आकड्याला पोचला की आपोआप थांबत होता आणि ती उठून पुढच्या चाकाकडे जात होती. थेन मागून चालत होता, पण वाकला नाही. हात पाठीमागे बांधलेले. चौथ्या चाकाशी तिनं मीटरनं हवा पुन्हा मोजली. मग सगळ्या चाकांची. त्यानं काही केलंय का, हे ती बघत होती हे त्याला कळलं. टोपणंसुद्धा तिनं एकेक पिळून पाहिली. आजपासून ती दर वेळी असंच बघणार होती.

“वायोमिंगला बर्फ पडायच्या आत जायचंय मला,” ती उठता उठता म्हणाली. “चार्जिंगची ठिकाणं बघून ठेवलीत.”

‘कोणाबरोबर’ हा शब्द त्याच्या जिभेवर आला होता. दातांच्या मागे. त्यानं तो तिथंच ठेवला.

ती नळीचं वेटोळं करून कप्प्याकडे गेली, थांबली, आणि नळी कप्प्यात न ठेवता आपल्या सीटखाली ठेवली. मग स्टिअरिंगशी बसली.

थेन शेजारच्या दाराकडे निघाला आणि गाडीनं त्याला ओळखलं. आर्डिथची सीट गुणगुणत मागे सरकली. तिचे पाय पेडलवरून उचलले गेले. ती नुसते हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत राहिली, आणि मग बटण दाबायला हात खाली नेला.

“थांब,” थेन म्हणाला.

तो परत फिरला, नदीकाठी उभ्या रूलॉनपाशी गेला आणि खिशातून फोन काढून त्याच्या हातात दिला.

“हे काय?”

“तुझ्याकडे ठेव.”

“कधीपर्यंत?”

“वायोमिंगहून येईपर्यंत. मला नेलं तर.”

रूलॉननं फोन उलटसुलट करून पाहिला. “आणि यात तू चोरून काढलेले कोणाचे फोटोबिटो नाहीत ना? माझ्यावर येईल.”

थेननं खांदे उडवले. रूलॉननं फोन शर्टाच्या खिशात टाकला. मग डिझेल सुरू करून, फोन घेऊन, टॉरीच्या दिशेनं निघून गेला. त्याचा आवाज दुसऱ्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

तो पूर्ण विरेपर्यंत थेन गाडीपासून दूर उभा राहिला. मग आला. दाराशी पोचला.

सीट हलली नाही.

आर्डिथनं खाली आपल्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे, जरा संशयानंच. शिवणाची पिशवी तिनं शेजारच्या सीटवरून उचलली नाही. थेननं ती उचलून मांडीवर घेतली आणि बसला. दोन्ही पाय त्यानं मागे ओढून घेतले, सीटखाली, भोकापासून लांब.